झाकलेलें शस्त्र

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयास जुनीं माणसें अजूनहि 'अजब बंगला' म्हणतात. १८६३ सालीं स्थापन झालेल्या ह्या संग्रहालयांत २०२५ सालीं एका पाहुण्या शस्त्राचें प्रदर्शन भरलें. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयानें तीन वर्षांच्या बोलीनें महाराष्ट्रास दिलेलीं तीं वाघनखें. २०२४ च्या जुलैमध्यें तीं आधीं साताऱ्यास आलीं व मग नागपुरास. प्रतापगडाखालच्या त्या प्रसिद्ध भेटींत वापरलेलीं तीं हींच काय, ह्याची खातरजमा करतां येत नाहीं, असें खुद्द लंडनच्या संग्रहालयानें सांगून ठेवलें आहे. इतिहासाच्या अभ्यासकानें तें विसरूं नये. परंतु आज मला त्या वादांत शिरावयाचें नाहीं. मला श्रोत्यांचें लक्ष वेधावयाचें आहे तें त्या वस्तूच्या घडणीकडे. बोटांत अडकविण्याच्या दोन आंगठ्या, त्यांना जोडणारी एक पट्टी आणि आंत वळलेलीं पोलादी नखें. मूठ मिटली कीं हातांत आंगठ्यांपलीकडे कांहीं आहे असें समोरच्यास दिसत नाहीं. तलवार आधीं दिसते आणि मग लागते. वाघनख आधीं लागतें आणि मग दिसतें.

शस्त्र उघड वागविणें आणि शस्त्र झाकून वागविणें ह्या दोन रीतींत नीतीचा कांहीं भेद आहे काय, आणि असल्यास झाकून वागविणाऱ्यावर कोणतीं बंधनें येतात, हा माझा आजचा विषय आहे. आज ज्यांच्यापाशीं पिस्तुलाचा परवाना आहे अशीं माणसें आपल्या शहरांत आहेत. तीं आपल्या शेजारीं बसून चहा घेतात, नाटकाला येतात, लग्नाच्या पंगतींत जेवतात. त्यांच्या कमरेला काय आहे हें आपणांस ठाऊक नसतें. तेव्हां हा प्रश्न केवळ त्यांचा नाहीं, आपलाहि आहे. आणि त्याचा इतिहास पाहूं गेल्यास त्यांतलें एक मोठें प्रकरण नागपुरांतच घडलेलें आहे.

प्रथम जुनी रीत पाहूं. १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या भेटीच्या अटी ठरल्या होत्या. बरोबर किती माणसें आणावयाचीं, तीं किती अंतरावर उभीं राहावयाचीं, हें बोलून झालें होतें. तरीहि महाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत आणि मंदिलाखालीं जिरेटोप घातला, आणि बखरकारांनीं बिचवा व वाघनख ह्या दोहोंचा उल्लेख केला आहे. खानहि निःशस्त्र आला नव्हता. ही गांठ दोन सत्तांमधली होती. एकमेकांच्या हेतूंविषयीं पूर्ण अविश्वास असलेल्या दोन सेनानायकांमधली होती. तिच्यावरून रोजच्या व्यवहाराचा नियम काढणें बरोबर नव्हे. रोजच्या व्यवहारांत त्या काळचा शस्त्रधारी मनुष्य आपलें शस्त्र मिरवीत असे. कमरेची कट्यार, खांद्यावरची ढाल, बगलेची तलवार हा पोशाखाचाच एक भाग होता. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारांत कोणाचा कोणता मान, हें त्याच्या तलवारीच्या मुठीवरूनहि कळावें इतकी ती गोष्ट उघड होती. रघूजी भोसल्यांची म्हणून ओळखली जाणारी एक तलवार महाराष्ट्र सरकारनें २०२५ सालीं लंडनच्या लिलांवांत विकत घेतली. तिच्या पात्यावर सोन्यानें देवनागरी अक्षरें कोरलेलीं आहेत. जी वस्तु लपवावयाची तिच्यावर कोणी सोन्यानें नांव घालीत नाहीं.

उघड शस्त्राचा एक गुण आहे, आणि तो फारसा बोलून दाखविला जात नाहीं. तें पाहणारा सावध होतो. तो चार शब्द जपून बोलतो, चार पावलें दूर राहतो, नकोच असेल तर उठून जातो. म्हणजे शस्त्राच्या जबाबदारीचा कांहीं भाग पाहणाराहि उचलतो. झाकलेल्या शस्त्राच्या बाबतींत तशी वांटणी नाहीं. समोरचा मनुष्य बेसावध आहे. त्यानें सावध राहावयाचें तर कशापासून हेंच त्यास ठाऊक नाहीं. त्याच्या वांट्याची सावधगिरीहि मग शस्त्र वागविणाऱ्यासच बाळगावी लागते. ह्या एका गोष्टीकडे लक्ष ठेवून पुढचा इतिहास पाहिला म्हणजे त्यांतलीं परस्परविरुद्ध दिसणारीं कायद्याचीं वळणें बरीचशीं उलगडतात.

१८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीच्या टेंकड्यांवर भोसल्यांची सत्ता खचली, आणि १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर डलहौसीनें पुढच्याच वर्षीं तें राज्य खालसा केलें. सत्तावनचा उठाव मोडल्यावर इंग्रजी अंमलानें देशभर लोकांचीं शस्त्रें काढून घेण्याचा सपाटा लावला, आणि त्या धोरणाचें पक्कें रूप म्हणजे लिटनच्या कारकीर्दींतील १८७८ चा शस्त्रांचा कायदा. परवान्यावांचून शस्त्र बाळगणें व शस्त्र घेऊन फिरणें हा गुन्हा ठरला. युरोपियन लोकांस मात्र त्यांतून सूट होती. हा वर्णभेद नियमांतून जावयास पहिलें महायुद्ध उलटावें लागलें. एका सबंध राष्ट्रास निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा म्हणून इतिहासांत गणला जाईल, असें गांधीजींनीं १९१८ च्या सुमारास लिहिलें होतें. अहिंसेच्या पुरस्कर्त्यानें असें लिहावें ह्याचें पुष्कळांस नवल वाटतें. मला वाटत नाहीं. ज्याच्या हातीं शस्त्र येऊंच शकत नाहीं त्याच्या शस्त्रत्यागास काय किंमत?

ह्याच कायद्यांतील एक बारकावा आपल्या विषयास फार उपयोगी आहे. परवान्यावांचून शस्त्र वागविल्यास एकोणिसाव्या कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद होती. परंतु कित्येक गुन्हे सरकारी नोकरास कळूं नयेत अशा हेतूनें कोणी केले, किंवा झडतीच्या वेळीं शस्त्र लपविलें, तर विसावें कलम लागे, आणि मग शिक्षा सात वर्षांपर्यंत जाई. म्हणजे वस्तु तीच, परवाना नाहीं तो नाहींच, पण लपविण्यास दुपटीहून अधिक शिक्षा. परकी सरकारास भीति होती ती मुख्यतः झाकलेल्या शस्त्राची.

ही भीति केवळ परक्या राज्यकर्त्यांचीच होती असें नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, जेथें शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेंतच लिहिला आहे, तेथेंहि केंटकी व लुइझियाना ह्या दोन संस्थानांनीं १८१३ सालीं छुपें शस्त्र वागविण्यास बंदी केली. कमरेच्या पट्ट्यास उघड लावलेलें पिस्तूल चाले. कोटाच्या खिशांतलें चालत नसे. केंटकीच्या न्यायालयानें १८२२ सालीं आपल्या प्रांतांतला हा कायदा घटनाबाह्य ठरविला. उलट लुइझियानाच्या न्यायालयानें १८५० सालीं तो उचलून धरला, आणि शस्त्र उघड वागविणें हाच नागरिकाचा हक्क आहे, छपवून वागविणें नव्हे, असा निवाडा दिला. त्या काळची समजूत अशी कीं, सभ्य मनुष्य आपलें शस्त्र लपवीत नाहीं. लपवितो तो दगलबाज. १८६५ च्या एप्रिलमध्यें अध्यक्ष लिंकन ह्यांस नाट्यगृहांत मारणाऱ्याजवळ एकाच बाराचें, मुठींत मावणारें पिस्तूल होतें.

एकोणिसावें शतक संपतां संपतां पिस्तुलाच्या घडणींत मोठा पालट झाला. ब्राउनिंग नांवाच्या अमेरिकन कारागिराच्या आराखड्याबरहुकूम बेल्जममध्यें बनलेलीं चपटीं, आपोआप भरणारीं पिस्तुलें १९०० च्या सुमारास बाजारांत आलीं. जुन्या तमंच्याचा फुगीर फिरता दांडा त्यांत नव्हता; कोटाच्या आंतल्या खिशांत तीं बसूं लागलीं. अशीं वीस पिस्तुलें सावरकरांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन ह्यांच्याबरोबर पेटीच्या दुहेरी तळांतून हिंदुस्थानांत पाठविलीं, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे ह्यांनीं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या त्याच जातीच्या पिस्तुलानें. कान्हेरे अवघ्या अठराएक वर्षांचे होते. पुढच्या एप्रिलमध्यें ते फांशीं गेले. त्यांच्या निष्ठेविषयीं दुमत नाहीं. पण त्या मार्गाची अटच गुप्तपणा ही होती, हें विसरतां येत नाहीं. आणि ह्या पार्श्वभूमीवर नागपूरच्या मंचरशा आवारींनीं १९२७ सालीं केलेली गोष्ट किती वेगळी होती हें ध्यानांत येतें.

आवारी हे नागपूरचे पारशी तरुण. आपल्या स्वयंसेवकांच्या दलाचे ते सेनापति, म्हणून लोक त्यांस 'जनरल आवारी' म्हणत, आणि तेंच नांव पुढें कायम झालें. बंगालमध्यें १९२४ च्या वटहुकुमाखालीं चौकशीवांचून अटकेंत ठेवलेल्या राजबंद्यांची सुटका व्हावी अशी त्यांची मागणी होती. ती पुढें रेटण्यासाठीं त्यांनीं जो कायदा मोडावयास घेतला तो शस्त्रांचा. आवारी व त्यांचे सहकारी तलवारी हातांत घेऊन भर रस्त्यानें निघाले. खिशांत नाहीं, काठींत नाहीं, पेटीच्या तळांत नाहीं. पोलिसांनीं पाहावें, पकडावें आणि न्यायाधिशानें शिक्षा द्यावी, ह्याकरितांच तें शस्त्र होतें. विसाव्या कलमाची, लपविण्याची, जागाच त्यांनीं शिल्लक ठेवली नाहीं.

पिस्तूल न घेतां तलवार कां घेतली, ह्यावर मी बराच विचार केला आहे. एक कारण सरळ आहे, तलवार मिळणें सोपें होतें. पण माझ्या मतें दुसरेंहि कारण असावें. पिस्तूल उघड धरलें तर तें धमकी दिसतें. तलवार खांद्यावर धरली तर ती मिरवणूक दिसते. चारच वर्षांपूर्वीं, १९२३ च्या मे ते ऑगस्टपर्यंत, ह्याच शहरानें झेंडा सत्याग्रह पाहिला होता. मनाई असलेल्या वस्तींत राष्ट्रीय निशाण घेऊन तुकडीमागून तुकडी निघावी आणि तुरुंगांत जावी, असा तो क्रम. जमनालाल बजाज पकडले गेले, मग वल्लभभाई पटेलांनीं सूत्रें हातीं घेतलीं. उघड वागविलेल्या वस्तूंत केवढें बळ असतें हें नागपूरकरांस त्या चार महिन्यांत कळून चुकलें होतें. आवारींनीं निशाणाच्या जागीं तलवार घेतली असें म्हणतां येईल.

आणि नेमकें तेंच गांधीजींस पटलें नाहीं. १९२७ सालीं 'यंग इंडिया'मध्यें त्यांनीं नागपूरच्या ह्या चळवळीविषयीं आपलें मत स्पष्ट केलें. शस्त्रांचा कायदा वाईट आहे ह्यांत त्यांस संशय नव्हता. परंतु तलवार हातांत घेऊन केलेल्या प्रतिकारास सत्याग्रह म्हणावयास ते तयार नव्हते. आवारी तुरुंगांत गेले, तेथें त्यांनीं दीर्घकाळ उपोषण केलें, आणि १९२७ च्या डिसेंबरांत मद्रासेस भरलेल्या काँग्रेसला त्याची दखल घ्यावी लागली. म्हणजे ज्यांच्या पद्धतीशीं मतभेद होता त्यांच्या धैर्याशीं नव्हता.

ह्या वादांत कोणाची बाजू खरी? श्रोत्यांनीं हा प्रश्न मला विचारल्यास मी दोघांचें एकेक म्हणणें घेईन. शस्त्र उघड वागविण्यांत प्रामाणिकपणा आहे, हें आवारींचें कृत्य सांगतें, आणि तें खरें आहे. पण प्रामाणिकपणा म्हणजे निरुपद्रवीपणा नव्हे. तलवार धरणारा कितीहि संयमी असो, रस्त्याच्या दुसऱ्या कडेस उभा असलेला मनुष्य त्याचें मन वाचूं शकत नाहीं; तो पातें वाचतो. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत नागपुरांत हिंदु-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला. आवारींच्या चळवळीचा त्याच्याशीं संबंध जोडण्याचें कारण नाहीं, आणि मी जोडीतहि नाहीं. पण ज्या शहरांतील हवा इतकी पेटावयास आली होती त्या शहरांत उघडें पातें काय बोलतें, ह्याचा विचार केल्यावांचून गांधीजींच्या नापसंतीचें वजन कळत नाहीं.

पुढें १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यांत, योग्य त्या नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा, असें कलम घातलें. स्वातंत्र्य आल्यावर हें कलम घटनेंत उतरेल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. तें उतरलें नाहीं, आणि त्याच्या आड काय आलें हें पाहण्यासारखें आहे.

२० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस प्रार्थनासभेच्या जागीं स्फोट झाल्यावर, येणाऱ्यांची झडती घ्यावी असें पोलिसांचें म्हणणें होतें. गांधीजींनीं त्यास नकार दिला. दहा दिवसांनीं, ३० जानेवारीस, त्याच सभेकडे जातांना वाटेंत नमस्कार करून पुढें आलेल्या माणसाच्या हातांत इटालियन बनावटीचें बेरेट्टा पिस्तूल निघालें. त्या दिवसाविषयीं मराठी माणसानें अधिक बोलावें असें कांहीं नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, झाकलेल्या शस्त्राचा सर्व अनर्थ त्या एका क्षणांत सांठलेला आहे. ज्याच्यावर तें चाललें त्यानें समोरच्यावर विश्वास टाकला होता, आणि त्या विश्वासाच्याच आडोशानें तें इतक्या जवळ येऊं शकलें.

त्यानंतर अकरा महिन्यांच्या आंत, १९४८ च्या डिसेंबरांत, घटना परिषदेंत हा प्रश्न आला. मध्यप्रांत-वऱ्हाडांतून निवडून आलेले हरि विष्णु कामथ ह्यांनीं शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला. प्रत्येकास बाजारांत जाऊन वाटेल तीं मारक साधनें विकत घेण्याचा निर्बंध हक्क दिला तर राज्यकारभार चालणार कसा, असें त्यांनीं विचारलें. आणि पुढें असेंहि सुचविलें कीं, आग्रह धरावयाचाच तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, प्रसंग पडल्यास तें धरण्याच्या कर्तव्याचा धरावा. दुरुस्ती पडली. घटनेंत राहिला तो शांततेनें व निःशस्त्रपणें एकत्र जमण्याचा हक्क. हक्काच्या जागीं कर्तव्य ठेवण्याचा हा विचार युद्धकाळाविषयीं होता. पण तो शांतताकाळच्या परवानेदारासहि लागू पडतो असें मला वाटतें.

१९५९ सालीं नवा शस्त्र अधिनियम झाला व १९६२ च्या ऑक्टोबरपासून अमलांत आला. लिटनचा कायदा गेला. परवाना मिळण्यास वय एकवीस वर्षें हवें. एका माणसाजवळ किती बंदुका-पिस्तुलें असावींत ह्यावर १९८३ सालीं तीनची मर्यादा आली, ती २०१९ सालीं दोनवर आली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें खरें वळण आहे तें २०१६ च्या शस्त्र नियमांत. सार्वजनिक ठिकाणीं पिस्तूल न्यावयाचें तर तें अंगावर बांधलेल्या, त्याचसाठीं बनविलेल्या खोळींत किंवा तत्सम पिशवींत असलें पाहिजे. तें पूर्णपणें झाकलेलें असलें पाहिजे. आणि नेणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असला पाहिजे. चारचौघांत तें परजणें किंवा त्याचा बार काढणें ह्यास सक्त मनाई आहे. श्रोत्यांनीं हें उलटें चक्र पाहावें. १८७८ च्या कायद्यास लपविणें अधिक गुन्ह्याचें वाटलें. २०१६ चा नियम झाकणें हें कर्तव्य ठरवितो. मधल्या काळांत बदललें काय? परवाना देतांना सरकारनें त्या माणसाची चौकशी केलेली असते, तेव्हां सरकारापासून लपविण्याचा प्रश्न उरत नाहीं. लोकांपासून झाकावयाचें तें फसविण्यासाठीं नव्हे, त्यांस भय वाटूं नये म्हणून. आवारींच्या तलवारीवर रस्त्याच्या पलीकडच्या माणसाच्या बाजूनें जी हरकत निघते ती ह्या नियमानें मान्य केली, आणि त्याबरोबर सर्व भार शस्त्र वागविणाऱ्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकला.

हा भार म्हणजे नित्याच्या व्यवहारांत काय, हें आतां थोडें तपशिलानें सांगतों, कारण कायद्याचीं पुस्तकें तेथवर पोंचत नाहींत.

पिस्तुलाच्या अपघातांचें मूळ बहुधा एका वाक्यांत असतें: 'तें रिकामें आहे असें वाटलें.' आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाच्या मुठींतून काडतुसांची पेटी काढली म्हणजे तें रिकामें झालें असें अजाण मनुष्य समजतो. पण एक काडतूस आधींच नळीच्या मागल्या घरांत जाऊन बसलेलें असूं शकतें, आणि पेटी बाहेर असतांहि तें उडूं शकतें. म्हणून आधीं पेटी काढावी, मग वरचा सरकता भाग मागें ओढून आंतलें घर डोळ्यांनीं पाहावें आणि बोटानें चांचपावें. हा क्रम उलटा केला तर पेटींतलें दुसरें काडतूस वर चढतें आणि मनुष्य अधिकच फसतो. जुन्या तमंच्यांत धोका वेगळा होता. घोडा काडतुसावर टेकलेला असतां तमंचा खालीं पडला तर धक्क्यानेंच बार उडे. त्यामुळें जाणते लोक सहा घरांपैकीं पांचच भरीत आणि रिकाम्या घरावर घोडा ठेवीत. नव्या बनावटींत ह्यावर उपाय योजलेले असतात. पण घरांत आजोबांच्या वेळचा तमंचा असेल तर ही जुनी रीत विसरूं नये.

कमरेला बांधावयाचें तें चाप पूर्ण झांकणाऱ्या ताठ खोळींत. धोतराच्या ओंच्यांत किंवा विजारीच्या पट्ट्यांत नुसतें खोंचलेलें पिस्तूल आणि किल्ल्या-नाण्यांसह खिशांत टाकलेलें पिस्तूल, दोन्ही सारखींच वाईट. चापाला काय लागलें हें कळण्याआधीं बार होऊन जातो. बोट चापावर कधीं न्यावें? निशाण ठरल्यावर, त्यापूर्वीं क्षणभरहि नाहीं. आणि नळीचें तोंड, पिस्तूल रिकामें असल्याची शंभर वेळां खात्री केलेली असली तरी, माणसाकडे वळूं देऊं नये.

नागपूरचा उन्हाळा ह्या बाबतींत मोठा परीक्षक आहे. मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, कोट अंगावर सहन होत नाहीं, पातळ सदऱ्याखालीं पिस्तुलाचा उंचवटा दिसतो. मग परवानेदार तें काढून गाडीच्या कप्प्यांत टाकतो आणि थंड पेय घ्यावयास दुकानांत शिरतो. ज्या घटकेस तें त्याच्या हाताच्या पल्ल्याबाहेर गेलें त्याच घटकेस नियमांतला 'पुरता ताबा' सुटला. कोट खुंटीस टांगून जेवावयास बसणारा, प्रवासांत उशाखालीं ठेवून सकाळीं तसाच निघणारा, हे सगळे एकाच जातीचे. ऊन असह्य होत असेल तर पिस्तूल घरीं कुलपांत ठेवून जावें. काडतुसें दुसऱ्या कुलपांत. घरांतल्या मुलांपासून किल्ली लपवावी, आणि लपविलेली जागा मुलांस ठाऊक आहे असें धरूनच चालावें.

ह्याहून अवघड भाग मनाचा आहे. पिस्तूल कमरेला असलेला मनुष्य नकळत तें चांचपतो. जवळ आहे ना, ह्याची खात्री करून घेतो. ती खोड मोडली पाहिजे. मद्य घ्यावयाचें असेल तर पिस्तूल नको, पिस्तूल असेल तर मद्य नको. घरांत कडाक्याचें भांडण झालें असेल, जवळचें माणूस गेलें असेल, रात्रभर झोंप नसेल, त्या दिवशीं तें बाहेर काढूं नये. रस्त्यांत गाडीस गाडी घांसली आणि समोरचा अद्वातद्वा बोलूं लागला, तर निःशस्त्र माणसानें चार शब्द सुनावले तर चालेल. ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्यानें मान खालीं घालून निघून जावें. त्याचा अपमान झाला तर झाला. आत्मरक्षणाचा हक्क कायद्यानें दिलेला आहे. पूर्वीं तो दंडसंहितेंत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत आहे. पण बचावास आवश्यक तेवढीच इजा करण्यापुरता तो आहे, आणि शब्दांच्या जखमेवर गोळी हा बचाव ठरत नाहीं.

आपणांजवळ पिस्तूल आहे हें मित्रमंडळींत सांगण्याचा मोह आवरावा. पोलिसानें मागितल्यास मात्र परवाना तत्काळ दाखवावा. तेथें आढेवेढे नकोत. विमानाच्या प्रवासांत शस्त्र असल्याचें आधीं सांगावें लागतें आणि तें माणसाबरोबर वर जात नाहीं, सामानांत खालीं जातें. निवडणुकीच्या दिवसांत अधिकारी शस्त्र जमा करावयास सांगतात. तें निमूटपणें जमा करून पावती घ्यावी. लग्नाच्या वरातींत आकाशाकडे बार काढण्याची चाल उत्तरेकडून आपल्याकडेहि डोकावूं लागली आहे. वर गेलेली गोळी वर राहत नाहीं, कोठें तरी खालीं येते, आणि कोठें येईल हें काढणाऱ्यास ठाऊक नसतें. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा आनंदाच्या बारांस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही ठेवले आहेत.

शेवटीं परवानेदाराच्या कुटुंबियांसाठीं एक गोष्ट, कारण ती ठाऊक नसल्यानें चांगलीं घरें अडचणींत येतात. परवाना माणसाच्या नांवाचा असतो, घराच्या नांवाचा नसतो. तो वारला कीं त्याच्या मुलास किंवा पत्नीस तें पिस्तूल घरांत ठेवण्याचा अधिकार आपोआप येत नाहीं. तें विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानेधारक विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. वारसास हवें असेल तर त्यानें नवा अर्ज करावयाचा, आणि तो मंजूर होईपर्यंत तें तेथेंच राहावयाचें. म्हणून हयातींतच घरांतल्या एका समंजस माणसास परवान्याचा कागद कोठें आहे, काडतुसें किती आहेत आणि कोणत्या ठाण्यांत जावयाचें, हें सांगून ठेवावें. आणि त्या माणसानें तेराव्याची वाट न पाहतां, पिस्तुलास स्वतः हात न लावतां, आधीं ठाण्यांतल्या अधिकाऱ्यास घरीं बोलवावें.